अर्धी फुली

सोमवार, २

ही खुर्ची मला खरोखर काय भावात पडली ते आधी मांडून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी फुकटात मिळाली म्हणायला नको. पाठीचा एक मणका, गोदामात गाठी उचलताना सरकला तो सरकलाच. पुढचा एक दात, पहिल्या कारकुनीच्या मुलाखतीला धावताना जिन्यावर सांडला. वडिलांचं शेवटचं दर्शन, त्या दिवशी माल उतरवायचा होता. आणि बायकोचा अबोला. तो आज सकाळपर्यंत टिकला आणि गाडी सुटता सुटता 'पोचलात की फोन करा' एवढ्यावर मिटला. इतकं सगळं मोजल्यावर पदरात आली व्यवस्थापकाची खुर्ची. तिचा एक हात मोडका निघाला. पण हमालीवरून इथवर आलेल्या माणसानं खुर्चीच्या हाताची तक्रार करू नये. मी बसलो, आणि मनापासून हसलो.

कारखाना दोरखंडांचा आहे. जहाजं बांधायला, अवजड यंत्रं उचलायला लागतात तसले, मनगटापासून मांडीपर्यंत जाडीचे. शेड रुंदीला आगगाडीच्या डब्याएवढी आणि लांबीला अख्ख्या आगगाडीएवढी. अलीकडच्या टोकाला मोटर. तिला सगळे 'डोकं' म्हणतात. पलीकडच्या टोकाला रुळांवर एक गाडा, दगड भरलेला, आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी आकडा. ते 'शेपूट'. दोन्हींच्या मध्ये सुतं ताणायची आणि मोटर चालू करायची, की पीळ बसू लागतो. पीळ बसेल तसा दोर आखडतो, आकडा फिरत राहतो आणि गाडा इंचाइंचानं डोक्याकडे ओढला जातो. मध्ये तागाचा धुरळा इतका, की डोक्यापासून शेपूट दिसत नाही.

राहायला शेडमागेच दोन खोल्या आहेत. लेकीची परीक्षा झाली की दोघी इकडे येतील. तोवर भिंतींना चुना लावून घेतो.

मंगळवार, ३

मोटर सुरू झाली आणि माझं भांडवलच बुडालं. कान हे माझं भांडवल. मी शिकलो कमी, ऐकलं जास्त. दोन खोल्यांपलीकडे साहेब लोक काय कुजबुजतात ते ऐकून मी आयुष्यात तीन पायऱ्या चढलो. इथे मुकादम माझ्या कानाला तोंड लावून ओरडत होते आणि मला फक्त त्यांच्या श्वासाची ऊब कळत होती.

म्हणून इथे सगळे हातांनी बोलतात. शेपटापासून डोक्यापर्यंत ठरावीक अंतरावर माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला फक्त शेजारचा दिसतो. पलीकडून खूण आली की तीच अलीकडे द्यायची. मूठ हलवली म्हणजे हळू. तळवा फिरवला म्हणजे जोरात. दोन्ही हात डोक्यावर आडवे टाकून फुली केली म्हणजे थांबव. ज्याच्यासाठी निरोप, त्यानं तळवा छातीवर ठेवायचा: मिळालं. मग तो तळवा त्याच वाटेनं माणसामाणसातून परत जातो आणि निरोप देणारा निश्चिंत होतो.

मुकादम साठीच्या पुढचे, सुकलेल्या दोरासारखे. ते म्हणाले, देणाऱ्यानं वाचायचं नाही, साहेब. पदरचं घालायचं नाही, आलेलं गाळायचं नाही. मला फार आवडलं. मी ज्या कचेऱ्यांतून आलो तिथे 'गाडी उशिरा येईल' हा निरोप तीन टेबलं ओलांडेस्तोवर 'गाडी विकली' असा व्हायचा.

गुरुवार, ५

आज दुपारी जाड दोर लावला होता. पीळ भरत आला तेव्हा शेपटाकडून एक खूण आली, मला न शिकवलेली. उजवा हात डोक्यावर आडवा आणि डावा नुसता लोंबता. एकानं दिली, दुसऱ्यानं दिली, पार डोक्यापर्यंत आली. मोटरवाल्यानं कानातला कापूस नीट करत दुसरा तळवा छातीवर ठेवला. झालं. मोटर तशीच चालू.

संध्याकाळी मुकादमांना विचारलं. ते म्हणाले, तो होय, तो दुपारचा अर्धा. चार वाजताचा चहा म्हणावा तसं. म्हणजे काय, तर माहीत नाही. रोज येतो? जाड दोर असला की येतो. कोण देतं? शेपटाकडून येतो. शेपटाला कोण उभं असतं? त्यावर मुकादमांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, कुणी नाही. ती जागा कार्यालयानं कमी केली. आता शेवटून दुसरा माणूसच जाऊन आकडा लावतो आणि मोटर सुरू व्हायच्या आत आपल्या जागी परत येतो.

कुणीतरी थट्टा करतंय. मी भलेभले थट्टेखोर सरळ केलेत.

शुक्रवार, ६

आज अर्ध्याचा माग काढला. मोटर बंद झाल्यावर डोक्याकडून सुरुवात केली, एकेकाला विचारत गेलो. सगळ्यांचं उत्तर एकच: मला पलीकडून आला, मी अलीकडे दिला. कुणाच्या तोंडावर हसू नाही, आणि खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला कळतो. शेवटी लंबूपाशी आलो. सडपातळ, उंच, लग्न होऊन वर्ष झालेला पोरगा. आकडा लावणारा तोच. त्याच्यापुढे फक्त रूळ, गाडा आणि भिंत.

तोही म्हणाला, मला पलीकडून आला.

मी म्हटलं, अरे, पलीकडे भिंत आहे. तिथे कोण होतं? तो गोंधळला. म्हणाला, साहेब, आम्ही हात बघतो. तोंड कुठं बघतो?

रविवार, ८

सुट्टी. मुकादमांनी घरी चहाला बोलावलं. त्यांच्या सूनबाई कप ठेवून आत गेल्या आणि मग त्यांनी मागच्या साली काय झालं ते सांगितलं, मालाची प्रत सांगावी तसं, न थांबता.

शेपटाला एक माणूस असायचा. जुना, हुशार. जाड दोराला पीळ भरत असताना त्याची डावी बाही आकड्यात गेली. त्यानं फुली केली. पण फुलीला दोन हात लागतात आणि त्याच्याकडे एकच मोकळा होता. शेजारच्यानं जे दिसलं ते दिलं: एक हात. पुढच्यानं तेच. पदरचं कुणी घातलं नाही. डोक्यापाशी मोटरवाल्याला अशी खूण ठाऊक नव्हती. त्यानं 'मिळालं' केलं आणि मुकादमांना विचारलं. मुकादमांनी चिठ्ठी लिहून कार्यालयात धाडली, की अर्ध्या फुलीचा अर्थ काय धरावा. कार्यालयानं चिठ्ठीवर 'पोचलं' लिहून दिलं. तिकडे शेपटाच्या माणसालाही तळवा परत पोचला होता. मिळालं.

मी विचारलं, मग? मुकादम म्हणाले, मग दोर पुरा झाला. चौकशी झाली, कुणाचीच चूक निघाली नाही. सगळ्यांनी नेमाप्रमाणेच केलं होतं. जागा कमी केली, म्हणजे अडकायला माणूसच नको.

चहा तसाच राहिला. बायकोला फोन केला, पण हे सांगितलं नाही.

सोमवार, ९

भुताचं भूत जाणे, मी व्यवहाराचा माणूस आहे. मला भीती वेगळीच वाटते. दुपारचा अर्धा रोज येतो आणि मोटरवाला रोज तो छातीवर घेऊन गप्प बसतो. उद्या खरंच कुणी अडकलं तर त्याचा अर्धाही असाच छातीवर जाईल.

कार्यालयाला पत्र लिहिलं. एक हात आला तरी मोटर थांबवायची. मोटरवाल्यानं कुणाला न विचारता थांबवायची. आणि शेडच्या दोन टोकांत टेलिफोन टाकायचा.

बुधवार, ११

उत्तर आलं. माझ्याच पत्रावर, कोपऱ्यात: पोचलं.

गुरुवार, १२

स्वतः गेलो. कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर. मोठे साहेब आत होते. त्यांचा खोकला मी ऐकला, खुर्ची करकरली तीही ऐकली. पण दारात कारकून. गोड माणूस. मला बसवलं, पाणी दिलं, पत्र पोचल्याचं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, पोचलं ते कळलं हो, ठरलं काय? तो म्हणाला, पोचलंय ना, साहेब. मी म्हटलं, आत नेऊन तर द्या. तो म्हणाला, आतच आहे. मी आवाज चढवला. मोटरवाला, मुकादम, आकडा, सगळं दारातूनच सांगितलं. आतला खोकला थांबला. कारकुनानं मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी, नकळत असेल, तळवा छातीवर ठेवला.

परतताना मी रस्त्यावर एकटाच बडबडत होतो. भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान हो म्हणत नाही.

शनिवार, १४

वरून खाली यायला मात्र वेळ लागत नाही. आज सकाळी हुकूम हातात. मांडीएवढ्या जाडीच्या दोरांचं मोठं काम मिळालंय. गाड्यावरचे दगड मोटर चालू असताना कमीजास्त करावे लागतील, तेव्हा शेपटाची जागा पुन्हा भरावी. येत्या सोमवारपासून, म्हणजे सोळा तारखेला. माणूस: शेवटून दुसरा. म्हणजे लंबू.

त्याला बोलावून सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "जातो की, साहेब. पण माझा हात कोण वाचेल?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "मी वाचीन." तो गेल्यावर कळलं, हे मी कुठल्या जोरावर बोललो ते मलाच माहीत नाही.

मोटरवाल्याकडे गेलो. बैठा, जाड मानेचा, भला माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला तोंडी हुकूम दिला: एक हात दिसला तरी मोटर बंद. त्यानं तळवा छातीवर ठेवला. मी म्हटलं, बाबा रे, मिळालं नको, करशील का ते सांग. त्यानं पुन्हा तळवा ठेवला. मी खांदे धरून हलवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, लेखी आलं की करीन, साहेब. मागच्या वेळी नेमानं वागलो म्हणून वाचलो.

रविवार, १५

सुट्टीचं सोनं केलं. गोदामाच्या फाटकावरची जुनी पितळी घंटा उतरवून डोक्यापाशी टांगली. तिच्या दांड्यापासून तार काढून छताखालच्या कड्यांतून शेपटापर्यंत नेली. मुकादमांना घंटेखाली उभं केलं, मी शेपटाला गेलो आणि तार ओढली. अख्खी शेड दणाणली. मुकादमांनी कान झाकले असं ते म्हणाले. पलीकडच्या रस्त्यावरचा कुत्रासुद्धा भुंकायला लागला.

आता कुणाचा हात वाचायला नको, कुणाचा तळवा नको, कार्यालयाचा शिक्का नको. त्यांना वर्षात जमलं नाही ते मी एका सकाळीत, एका तारेत केलं. जिथे मी बसतो तिथे निरोप अडकत नाही. हे वाक्य मोठं करून लिहून ठेवतो.

लंबूला सांगून टाकलं, आठवडाभर शेपटाला मी बसणार. पटल्यावर तू ये. तो वाकून माझ्या पायांना हात लावू लागला, मी मागे सरलो.

सोमवार, १६

शेपटाला बसलो. स्टूल गाड्यापासून चांगलं दूर, भिंतीला टेकवून. तार हाताशी. गाड्याचे दगड बदलायचे तेव्हाच उठायचं. मोटरीचा आवाज इथे वेगळा लागतो, पोटात. धुरळ्यात लंबूची नुसती आकृती दिसते.

दुपारी पीळ भरत आला. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलो. इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही. तेवढ्यात लंबूनं माझ्याकडे पाहिलं, वळला आणि अर्धा पुढे दिला.

सुट्टी झाल्यावर त्याला गाठलं. त्याला कुणी दिला? तो म्हणाला, तुम्हीच की, साहेब.

मंगळवार, १७

कार्यालयाला दुसरं पत्र. पोचलं.

दुपारी पुन्हा तेच. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. लंबूनं पाहिलं, वळला, दिला. थोड्या वेळानं वळून तळवा छातीवर. मिळालं. मला. मी काहीही दिलेलं नसताना.

बुधवार, १८

फोनवर बायको चिडली. तिनं विचारलं, खोल्यांना चुना लावला का, लेकीच्या शाळेचं पाहिलं का, जेवता का नीट. म्हणाली, अहो, मी काय विचारते आणि तुम्ही नुसतं 'पोचलं, पोचलं' काय करताय? मी म्हटलं, मी असं बोललोच नाही. मग लेकीनं फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, बाबा, तुम्ही आतासुद्धा तेच म्हणालात.

फोन ठेवला तेव्हा माझा डावा तळवा छातीवर होता.

गुरुवार, १९

सकाळी दाढी करताना उजवा हात डोक्यावर गेला. आडवा. मी नेला नाही. खाली ओढला. पुन्हा गेला. वस्तरा हातात होता—

मुकादमांना सांगितलं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी म्हटलं, काहीतरी बोला. ते म्हणाले, कळवतो वर.

सगळे ऐकतात. एवढं ऐकणारी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. एकजण तरी नाही म्हणा. एकजण तरी भांडा.

शुक्रवार, २०

काम बंद ठेवायचं ठरवलं. मीच व्यवस्थापक, मीच हुकूम देणार: मोटर लावू नका. मुकादमांनी तळवा छातीवर ठेवला. दहाला मोटर लागली.

तावातावानं डोक्याकडे गेलो. मोटरवाला म्हणाला, तुमचा निरोप मिळाला, साहेब. मग लावली कशाला? तर म्हणे, थांबवायची खूण फुली. तुम्ही तोंडानं सांगितलंत.

मग दोन्ही हातांनी फुली करून दाखवायला गेलो. उजवा वर गेला. डावा— डावा उचललाच नाही. लोंबता राहिला. दंडापासून बधिर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कापूस नीट केला आणि तळवा छातीवर.

उद्या शेवटचं. कार्यालयाला लेखी लागतं ना. ही वहीच घेऊन शेपटाला बसतो. जे दिसेल ते त्याच क्षणी लिहितो आणि वही सरळ मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपटतो. जायला मोकळा आहे मी, आजच गाडी पकडू शकतो. पण मी गेलो तर सोमवारी तिथे लंबू बसेल.

शनिवार, २१

शेपटाला. वही मांडीवर. स्टूल भिंतीशी. मोटर चालू.

आकडा फिरतोय. गाडा हलला. दगड ठीक.

लंबू दिसतो. धुरळा जास्त आहे आज.

पीळ भरत आला. हात दोन्ही माझ्याकडे. उजव्यात पेन्सिल. डावा मांडीवर. लिहून ठेवतो: डावा मांडीवर.

लंबूनं पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या जरा पुढे, गाड्यापाशी. तिथे—

हात दिसला. नुसता हात. तोंड मीही पाहिलं नाही.

स्टूल भिंतीशी नाही. मी उठलो नव्हतो. भिंत मागे लांब आहे आणि गाडा इथे, गुडघ्याला लागतो—

डावी बाही आकड्यात. दुखत नाही अजून. बधिर आहे. कापड पिळतंय, हळू. फाडायला बघतो, जाड आहे, फाटत नाही—

हात वर केला. लंबूनं पाहिलं. दिला पुढे. शहाणा पोरगा, नीट दिला, जसाच्या तसा. ओरडलो. माझा आवाज मलाच आला नाही.

चालतोय गाड्याबरोबर. वही गाड्यावर टेकवून. आता दुखतंय. मनगट.

लंबू वळला. तळवा छातीवर.

मिळालं.

अरे येऊन बघ. जागा सोडून ये—

तार. तार विसरलो होतो. ओढली. जोरात. दांडा हलला, हाताला कळलं, घंटा वाजतेय नक्की. पुन्हा ओढली. पुन्हा. मोटर चालू आहे. कोपरापर्यंत आलं. कुणीच कसं— वाजतेय ती—

घंटा मी रविवारी तपासली होती. रविवारी मोटर बंद अस—